येसूबाईचं गाणं आणि हळदीचा पाटा

दादू तांडेलाला समुद्रकाठची अख्खी घिवली हट्टी म्हणायची, आणि अख्खी घिवली काही चुकत नव्हती. ज्या गोष्टीला चार माणसं 'नाय जमणार' म्हणत, ती दादूला त्याच दिवशी करून बघायची असायची. कोंबड्यांना माळ्यावर चढायला शिडी कर, होडीचं शीड उलट्या बाजूनं बांध, असले उद्योग त्याला समुद्रावरून आल्यावर जेवता जेवता सुचायचे. त्यातले निम्मे फसायचे. फसले की दादू शांतपणे म्हणायचा, "आता कळला, कसा करायचा नाय तो," आणि पुढच्या उद्योगाला लागायचा. पण लेकीच्या हळदीच्या वेळी जो उद्योग त्यानं अंगावर घेतला, तो फसून चालणार नव्हता. त्यात येसूबाईचा आवाज होता.

येसूबाई म्हणजे दादूची बायको. एके काळी डहाणूपासून सातपाटीपर्यंत कोळ्यांच्या कुठल्याही घरी लग्न निघालं, की भटाच्या आधी येसूबाईला सांगावा जायचा. हळद वाटायला पाटा मांडला की त्याच्या शेजारी तिची जागा. ती पहिली ओळ उचलणार, मग बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणणार. आवाज असा, की वाऱ्याच्या तोंडाला उभी राहून गायली तरी मांडवातल्या शेवटच्या बाईला शब्द न शब्द कळावा. आणि ताल म्हणाल, तर तो तिचा कधी म्हणजे कधी चुकला नाही. दादूनं तिला पहिल्यांदा पाहिली तीही अशाच एका हळदीत. पाहिली म्हणण्यापेक्षा ऐकली, आणि घरी जाऊन आईला सांगितलं, करीन तर हिलाच करीन.

पुढं मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं तिला कुठल्याशा लग्नात ऐकलं आणि चारपाच बायांसकट मुंबईला नेऊन गायला लावलं. एका बाजूला हळदीचं गाणं, दुसऱ्या बाजूला नवरी सासरी निघतानाचं. रेकॉर्ड निघाली, तिच्या मधल्या गोल कागदावर 'येसूबाई आणि मंडळी' असं छापून आलं, आणि एक रेकॉर्ड कंपनीनं घरी धाडली. आता ती वाजवायची कशावर? घिवलीत यंत्र कुणाकडे होतं? दादूनं ती देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवली. दसऱ्याला होडीला, वल्ह्याला, कोयत्याला हळदकुंकू लागायचं, तसं रेकॉर्डलाही लागायचं. नशीब म्हणायचं, येसूबाई बोट मधल्या कागदावरच टेकवायची, नाहीतर गाण्याच्या रेघांत कुंकू भरून बसलं असतं.

मग एका पावसाळ्यात येसूबाई मोठ्या तापात पडली. ताप उतरला, पण जाताना आवाज घेऊन गेला. घशातून नुसती खरखर उरली. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसली, की गिऱ्हाईक बोलवायला ती तराजूच्या पारड्यावर वजन आपटायची. गाणं तिनं सोडून दिलं. कुणाच्या हळदीला गेलीच तर मागच्या रांगेत बसायची आणि काहीतरी निमित्त काढून लवकर उठायची. ती अशी उठून निघाली की दादूही तिच्यामागं निघायचा, पण बोलून तरी काय करणार? आवाज काही बाजारात मिळत नाही.

आणि आता त्यांच्या चंद्रकांताचं लग्न ठरलं होतं. होळी होऊन गेली होती, मुलगा सातपाटीचा, घर चांगलं. येसूबाईनं हळदीला गायला दांडी गावच्या रखमाबाईला सांगूनही टाकलं. रखमाबाई बरी गायची, नाही असं नाही. पण प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ती नाकातून इतका लांबवायची, की तो संपेपर्यंत दादूचा जीव मेटाकुटीला यायचा. आपल्या पोरीची हळद, आणि पाट्याशेजारी येसूच्या जागी दुसरी बाई. दादूला जेवण गोड लागेना.

अशात खंडेरावनं रेकॉर्ड प्लेअर आणला. खंडेराव हा कऱ्हाडकडचा फिटर. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, तिथं तो कामाला होता आणि दादूच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होता. दादूला तो मामा म्हणायचा, येसूबाईला मामी. घरी बायकापोरं नाहीत, संध्याकाळ खायला उठते म्हणून त्यानं मुंबईहून हा जुना प्लेअर उचलला. पेटीसारखा होता, सेलवर चालायचा, झाकणाची एक बिजागरी तुटलेली होती. दादूनं तो पाहिला मात्र, उठला आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरून रेकॉर्ड काढली. उपरण्यानं पुसली.

"ही लाव," म्हणाला.

खंडेरावनं लावली, पण वेगाचा खटका चुकीच्या जागी होता. पेटीतून एक जाडाभरडा पुरुषी आवाज रेंगाळत बाहेर आला.

"ही येसू नाय," दादू म्हणाला. "हा येसूचा बाप. तो असाच बोलायचा."

खंडेरावनं हसत खटका फिरवला, आणि मग खरी येसू आली. इतक्या वर्षांनी. दादू ओटीवर होता तिथंच खाली बसला. चुलीपाशी काम करणारी चंद्रकांता हातातला कांदा तसाच घेऊन बाहेर आली. आईचा असला आवाज तिच्या कानावर बऱ्याच वर्षांत पडला नव्हता. दादूच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

दादूचं घर रस्त्याच्या अगदी कडेला. केंद्राच्या कामावर दगड नेणारे डंपर दिवसभर दारावरून जायचे, आणि एक गेला की फडताळातली भांडी वाजायची. तसा एक आला. भांडी वाजली, ओटी हादरली, आणि प्लेअरची सुई टुणकन उडाली. हळदीच्या तिसऱ्या कडव्यातलं गाणं थेट पाचव्यात जाऊन पडलं.

"हे काय?" पायरीवरून खरखरता आवाज आला. येसूबाई डोक्यावरची रिकामी पाटी उतरवत उभी होती. ती किती वेळ ऐकत होती, कुणास ठाऊक.

"येसू, तुझंच गाणं," दादू म्हणाला. "चंद्राच्या हळदीला हेच लावायचं. रखमाबाईला सांग, जेवायला ये, गायला नको."

"माझं गाणं असं उड्या मारीत नाय."

"तू कुठं उड्या मारतेस? सुई मारते."

"कागदावर नाव माझं हाय, सुईचं नाय," येसूबाई म्हणाली. "उभ्या जन्मात मी ताल चुकले नाय. हळदीला अख्खा गाव येणार, व्याही येणार. डंपर जाणार, बाया नाचणार. त्यांच्यासमोर मी अडखळायची नाय. एकदाही न उडता वाजत असेल तर लावा. नायतर रखमाबाई गाईल." एवढं बोलून ती आत गेली, आणि आत भांड्यांचा जो आवाज झाला, त्याला काही डंपर कारण नव्हता.

खंडेराव म्हणाला, "मामा, न्हाई जमायचं ते. सुईचं काम नाजूक असतंय."

झालं. दादूला एवढंच हवं होतं.

दादूचं डोकं कोळ्याचं. हादरा येतो कुठून? जमिनीतून. मग पेटी जमिनीला लागूच द्यायची नाही. त्यानं जुन्या जाळ्याचा एक मजबूत तुकडा काढला, चार कोपऱ्यांना दोर बांधले आणि प्लेअर घराच्या आढ्याला टांगला. दिसायला मोठं झोकदार दिसत होतं. सुई ठेवली, गाणं सुरू झालं, एक डंपर गेला, सुई जागची हलली नाही. दादू मिशीतल्या मिशीत हसला. पण दुपार कलली आणि समुद्रावरचा वारा दारातून सरळ आत आला. जाळं झुलायला लागलं. पेटी अशी कलली की सुई घसरत इकडे, तशी कलली की तिकडे, आणि गाणं कुठल्या कुठे भरकटलं.

येसूबाईनं उंबऱ्यातून बघितलं. "पाळण्यात घातलंत. आता बारसंही उरका," म्हणाली आणि बाजाराला गेली.

मग दादूनं मऊ गादी करायची ठरवली. घरात मऊ म्हणजे काय, तर सुक्या बोंबलांनी भरलेलं पोतं. त्यावर प्लेअर ठेवला. हादरा कमी लागला हे खरं, पण पेटी एका अंगाला रुतून बसली, आणि गल्लीतली मांजरं एकेक करून ओटीवर जमली. एका बोक्यानं पोत्यावर उडी घेतली तेव्हा सुई रेकॉर्डवरून अशी करकरत गेली, की दादूनं डोळेच मिटून घेतले. रेकॉर्ड शाबूत होती. पण त्यानं कान पकडला, पुन्हा मासे नकोत.

खंडेराव पाळीवरून आला तेव्हा दादू ओटीवर डोकं धरून बसला होता. खंडेरावला वाईट वाटलं. डंपरवाल्यांना हळदीच्या दिवशी गाड्या थांबवायला सांगून बघतो, म्हणून तो खरोखरच गेला, आणि तसाच परत आला. "म्हनत्यात, शादी आपकी है भाई, काम सरकार का है, बंद नहीं होगा."

"त्यांचं खरंच हाय," दादू म्हणाला. "मला सांग, तुझ्या कामावर एवढाली मशिनं हादरतात, बाजूची पडत कशी नाय?"

खंडेराव विचार करत म्हणाला, "आमच्याकडं मशिनीखाली रबर घालत्यात. पर नुसतं रबर न्हाई. वर हा एवढा काँक्रीटचा ठोकळा असतो, त्यावर मशीन. खाली मऊ, वर जड. नुसतं मऊ असून भागत न्हाई."

दादूनं तळहात आडवा धरून लाटेसारखा खालीवर केला. मग हळूच म्हणाला, "रिकामी होडी बारक्या लाटेवरसुद्धा उडते. माशांनी भरलेली उडत नाय. लाट खालून निघून जाते, होडी आपली बसलेली." त्यानं मांडीवर थाप मारली. "पेटीला वजन नाय रे. रिकामी होडी हाय ती."

दुसऱ्या दिवशी तो बोईसरला जाऊन पंक्चरवाल्याकडून जीपची एक जुनी ट्यूब घेऊन आला. ठिगळं लावलेली होती, पण हवा धरत होती. बदल्यात बोंबलांची एक मोळी दिली, दोघंही खूश. ट्यूबमध्ये हवा अर्धीच भरायची, नाहीतर तीच उडायला लागते, हे खंडेरावनं सांगितलं. राहिलं वजन. सपाट, जड, पेटी मावेल एवढं. दादूची नजर घरभर फिरली आणि दाराआडच्या पाट्यावर येऊन थांबली. येसूबाईच्या माहेरचा, वडराईहून तिच्याबरोबर आलेला काळा पाटा. एका माणसानं उचलायचा म्हटलं तर कमरेत उसण भरावी असा.

खाली ट्यूब, वर पाटा, पाट्यावर प्लेअर. एक बाजू जरा खाली वाटली, तिथं जाळ्याच्या चिंध्यांची घडी सारली. मग दादूनं पाट्याच्या कोपऱ्यावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. प्लेअर चालू न करता दोघं वाटीकडे बघत डंपरची वाट पाहत बसले. चंद्रकांताही येऊन बसली. एरवी डंपर आला की शिव्या देणारी ही माणसं, आज डंपर येत का नाही म्हणून चुळबुळ करत होती.

आला एकदाचा. फडताळातली भांडी वाजली. दाराची कडी खणखणली. वाटीतलं पाणी मात्र जागच्या जागी होतं.

मग सुई ठेवली. गाणं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाजलं, मध्ये आणखी एक डंपर गेला, खंडेरावनं मुद्दाम पेटीशेजारी पाय आपटून बघितले, चंद्रकांतानं उड्या मारल्या. येसू अडखळली नाही. दादू इतका हरखला, की त्यानं खंडेरावचा गालगुच्चा घेतला.

येसूबाई बाजारातून आली. तिनं ट्यूब पाहिली, वाटी पाहिली, पाटा पाहिला. पाट्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली. दादूला ते 'बरं' पुरलं. त्या दिवसापासून पेटी तिथंच राहिली, कारण एकदा जमलेलं दादू हलवू देईना, आणि येसूबाई मसाला वाटायला शेजारी लाडकीकडे, म्हणजे दादूच्या भावजयीकडे, जायला लागली. त्याबद्दल ती एका शब्दानं कुरकुरली नाही, याचं दादूला नवल वाटायला हवं होतं. पण आनंदात माणसाला नवल सुचत नाही.

हळदीच्या दिवशी दारात मांडव उभा राहिला. माडाच्या झावळ्या, आंब्याचे टहाळे, सगळं जिथल्या तिथं. सातपाटीचे व्याही येऊन बसले. बाया नवी लुगडी नेसून, डोक्यात अबोली माळून जमल्या. ओटीवर पाट्यावरचा प्लेअर दादूनं कोऱ्या धोतरानं झाकून ठेवला होता. जो येईल त्याला तो सांगत होता, "आज येसू गाणार हाय." लोकांना वाटायचं दादू आधीच दोन घोट घेऊन बसलाय.

रखमाबाईही आली होती. बोलावलं होतं पाहुणी म्हणून, पण सगळ्या बायांत अनुभवी तीच, म्हणून कामाचा ताबा तिनं आपसूक घेतला. हळकुंडं भिजवलेली होती, सवाष्णी गोळा झाल्या होत्या, चंद्रकांता चौरंगावर बसली होती.

"चला," रखमाबाई म्हणाली, "पाटा आणा."

दादूनं अंगावर पाणी ओतल्यासारखं तिच्याकडे बघितलं.

"कुठला पाटा?"

"घरचा पाटा. हळद काय जमिनीवर वाटू?"

आता सगळं दादूच्या ध्यानात आलं. जे गाणं वाजवायचं, ते हळद वाटतानाचं. हळद वाटायची पाट्यावर. आणि पाटा प्लेअरच्या खाली. हळद वाटायला पाटा काढला तर गाणं उडणार, आणि गाण्याखाली पाटा ठेवला तर हळद वाटायची कशावर? इतकी डोकेफोड केली, जीपची ट्यूब आणली, वाटीत पाणी भरून बघितलं, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. लग्नघरात पाटा म्हणजे काय, हे कोळ्याच्या पोरालासुद्धा सांगावं लागत नाही.

"लाडकीचा चालेल," दादू घाईनं म्हणाला.

बायांत कुजबुज झाली. ज्या घरची नवरी, त्याच घरचा पाटा. उसन्या पाट्यावर हळद वाटली तर पोरीचा संसार उसन्यावर चालतो, हे त्या सगळ्या धरून होत्या. लाडकी स्वतःच म्हणाली, "नको वो भाऊजी, माझा पाटा चंद्राच्या हळदीला नको. पाहिजे तर पेटीखाली घाला."

हे पटण्यासारखं होतं. दादू आणि खंडेराव धावले, लाडकीचा पाटा उचलून आणला, माहेरचा पाटा काढून बायांच्या हवाली केला आणि त्याच्या जागी हा ठेवला. पण लाडकीच्या घरात खाणारी तोंडं भरपूर. वर्षानुवर्षं मसाला वाटून तिचा पाटा मध्ये खोलगट झालेला. त्यावर पेटी दोन कडांवर टेकून डुगडुगायला लागली. दादूनं चिंध्या कोंबल्या, करवंटीचा तुकडा सारला, वाटी ठेवली. एक डंपर गेला आणि वाटीतलं पाणी त्याच्या हातावर सांडलं.

बाया थांबल्या होत्या. व्याही घसा खाकरत होते. रखमाबाई वरवंटा हातात घेऊन बसली होती. दादूनं ओला हात धोतराला पुसला. सकाळपासून ज्याला त्याला सांगत सुटलेला हा माणूस, आता कुणाच्या डोळ्याला डोळा देईना.

"रखमाबाई," तो खाली बघत म्हणाला, "तुमीच गा."

येसूबाई खांबाशी उभी होती. दादू तिच्याजवळून आत जायला निघाला, तेव्हा त्याला एकाएकी त्या दिवशी पाट्याकडे बघत राहिलेली येसू आठवली.

"तुला ठाऊक होता," तो हळू आवाजात म्हणाला. "पाटा लागणार, हे तुला आधीच ठाऊक होता."

"होता."

"मग बोललीस का नाय?"

येसूबाईनं ओटीवरच्या पेटीकडे बघितलं. मग तिच्या खरखरत्या आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटला. ती पेटीतली बाई माझ्यापेक्षा चांगली गाते. तिचं गाणं ऐकून लोक माझ्याकडं बघतील, आणि माझ्या घशात ही खरखर. म्हटलं, पाटा निघेल, पेटी गप बसेल, कुणाचा काय जात नाय."

दादू रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो नुसता मान हलवून आत निघाला. त्याचे खांदे असे पडलेले तिनं संसारात एकदाच पाहिले होते, होडी खडकावर आपटून फुटली होती त्या वर्षी.

"थांबा," येसूबाई म्हणाली.

तिनं नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला. ओटीवर गेली, लाडकीचा पाटा आणि पेटी बाजूला करायला लावली, ट्यूब उचलली आणि मांडवात आणून पाट्याच्या शेजारी टाकली. गाणारी बाई बसते, अगदी त्याच जागी. आणि मग सगळ्यांच्या देखत त्या जीपच्या ट्यूबवर पाय पसरून बसली. कुणीतरी फिस्सकन हसलं. येसूबाईनं तिकडे बघितलं, आणि ते हसणं थांबलं.

"पेटी द्या," तिनं मांडीवर हात थोपटले. "खाली मऊ आणि वर जड, असंच पाहिजे ना? इतकी वर्षं तुमचा भात खाऊन मी काय हलकी राहिली हाय?"

आता मात्र सगळा मांडव हसला, व्याहीसुद्धा. खंडेरावनं पेटी आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं दोन्ही हातांनी ती पोटाशी धरली. दादू गुडघ्यांवर बसला. येसूबाईनं त्याच्या मनगटाखाली आपलं बोट धरलं आणि सुई रेकॉर्डवर उतरली.

पहिली ओळ मांडवात उठली तशा बाया दचकल्या. ज्यांनी हा आवाज ऐकला होता, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ज्यांनी ऐकला नव्हता, त्या येसूबाईच्या तोंडाकडे. रखमाबाईनं वरवंटा चालू केला, गाण्याच्या तालावर, आणि काळ्या दगडावर पिवळी हळद पसरत गेली. मागच्या बाया ओळी म्हणायला लागल्या. नाचाचे पाय पडायला लागले. जमीन धमधमली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून डंपर आला.

दादूनं श्वास रोखला. पण सुई हलली नाही. तिसरं कडवं चौथ्यात गेलं, चौथं पाचव्यात, आपापल्या जागी. येसूबाई ट्यूबवर दगडासारखी बसली होती, आणि तिच्या मांडीवर तिचा आवाज निवांत गात होता.

दादू आधी सुईकडेच बघत होता. मग त्याची नजर वर गेली. येसूबाईचे ओठ हलत नव्हते, पण रेकॉर्डमधली येसू ओळीच्या शेवटी जिथं श्वास घेत होती, नेमकी तिथंच ही येसू श्वास घेत होती. एक श्वासही मागंपुढं होत नव्हता. दादूला वाटलं, आता सुई उडाली तरी गाणं चुकायचं नाही. चौरंगावर चंद्रकांता रडत होती आणि हसत होती, आणि दादूही तेच करत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

गाणं संपलं. सुई रिकाम्या रेघांत खसखसत फिरत राहिली. पायांचे आवाज थांबले. रखमाबाई उठली, हळदीनं भरलेलं बोट तिनं आधी येसूबाईच्या कपाळाला लावलं, मग वाकून फिरत्या रेकॉर्डच्या मधल्या कागदाला. "तुमच्यामागं गायचं म्हणजे आमचं मरण हाय, येसूबाय," ती म्हणाली.

दादू पेटी उचलायला पुढं झाला. तिच्या पायांना रग लागली असेल, असं त्याला वाटलं. येसूबाईनं त्याचा हात बाजूला केला आणि पेटी आणखी घट्ट धरली.

"रेकॉर्ड उलटी करा," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूला पण मीच हाय."